टाक्यातलं पाणी आणि पहिलं ॲप

गडावर निघायच्या आदल्या रात्री ट्रेकर एकमेकांना हमखास विचारतात : वर टाक्यात पाणी आहे का? गडाची उंची, इतिहास, पायथ्याचं गाव ही माहिती पुस्तकांत आणि नेटवर ढिगानं आहे. पण एप्रिलमध्ये टाकं आटलं की नाही, हे गेल्या रविवारी जाऊन आलेल्यालाच ठाऊक. भटकंतीच्या छंदातून पहिलं मोबाइल ॲप करायचं असेल, तर ते या एका प्रश्नाभोवती करावं.

आधी वही उघडा

बऱ्याच भटक्यांकडे जुनी वही असते. तिच्यात दर खेपेला न चुकता काय लिहिलंय ते पाहा. तेवढेच ॲपचे रकाने. गडाचं नाव, टाक्याची जागा, पाहिल्याची तारीख, पाण्याची अवस्था (पिण्याजोगं, फक्त वापरायचं, कोरडं) आणि एक फोटो. यात सगळ्यांत मोलाची तारीख. तारखेविना ‘पाणी आहे’ ही नोंद धोक्याचीच, कारण जानेवारीत काठोकाठ भरलेल्या टाक्याच्या तळाशी मे महिन्यात नुसता गाळ असू शकतो. म्हणून यादीत गडाच्या नावाशेजारी तारीख ठळक दिसावी आणि नोंद जुनी झाली की तिचा रंग फिका पडावा.

हौशी माणसाचा पाय घसरतो तो इथेच. इतिहास घालू, हवामान घालू, गप्पांची सोय करू! पहिल्या खेपेला हे सगळं बाहेर ठेवा.

रेंज नाही असंच धरून चाला

जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही. फोन थेट उपग्रहांचे संकेत टिपतो. रेंज नसली तर जागा सापडायला जरा वेळ लागतो इतकंच, आणि नकाशा मात्र घरूनच उतरवून न्यावा लागतो. अरुंद नाळेत किंवा उंच कातळाखाली संकेत कड्यावर आपटून येतात, जागा चुकते. त्यामुळे आकड्यांच्या जोडीला ‘बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांच्या डावीकडे’ अशी खूण लिहायलाही जागा ठेवा. अक्षांश-रेखांशात दशांशचिन्हापुढे ५ आकडे पुरतात. चौथा आकडा साधारण ११ मीटरचा, पाचवा १ मीटरचा.

नोंदी फोनवरच साठवायच्या. त्यासाठी एसक्यूलाइट ही छोटी माहितीपेढी पुरेशी आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली ती आणली. ती फुकट आहे आणि अँड्रॉइड, आयफोन दोन्हींवर चालते.

कशात लिहायचं?

प्रोग्रॅमिंगचा गंध नसेल तर एमआयटीचं ‘ॲप इन्व्हेंटर’ : ठोकळे जोडायचे, ॲप तयार. कोड शिकायची तयारी असेल तर फ्लटर घ्या, एकाच कोडमधून दोन्ही प्रकारच्या फोनसाठी ॲप होतं.

शोधाची गोम

कुणी हरिश्चंद्रगड लिहितो, कुणी हरिचंद्रगड, कुणी थेट रोमन अक्षरांत. यंत्राच्या लेखी ही तीन वेगळी नावं. प्रत्येक गडासाठी पर्यायी नावांचा एक लपलेला रकाना ठेवला की काम भागतं. काम कंटाळवाणं, पण टाळू नका.

प्ले स्टोअरवर चढवताना

गूगल प्लेवर खातं उघडायला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलकडे दरवर्षी ९९. गूगलची आणखी एक अट : १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं वैयक्तिक खातं असेल, तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सहभागी राहायला हवं. एकटा प्रोग्रॅमर इथे अडतो. ट्रेकचा ग्रुप असलेल्याला बारा जण चहाच्या टपरीवरच मिळतात. गोपनीयता धोरणही द्यावं लागतं. ॲप उघडं असेल तेवढ्यापुरतीच लोकेशनची परवानगी मागा. संपर्कयादीला तर हातच लावू नका, पाण्याच्या नोंदीला ती कशाला हवी?

त्या बारा जणांना घरात बसून चाचणी करू देऊ नका. भर उन्हात, घामेजल्या अंगठ्यानं, पाठीवर सॅक असताना नोंद करता आली पाहिजे. परतीच्या एसटीत त्यांना विचारा : नोंद टाक्यापाशी केलीत की खाली उतरल्यावर आठवून? खाली उतरल्यावर केली असेल, तर बटणं अजून जास्त आहेत.