वाटाड्या ते अभ्यासक : इकॉलॉजीची वाट कुणासाठी?

"डिग्रीनंतर काय?" या प्रश्नाची आपल्या होस्टेलवर तीनच उत्तरं ठरलेली आहेत. कॅम्पसमधून नोकरी, एम.टेक. नाहीतर स्पर्धा परीक्षा! चौथं उत्तर कुणी दिलं तर मेसच्या टेबलावर हशा पिकतो. ते चौथं उत्तर म्हणजे इकॉलॉजी. त्यावर पुढचा प्रश्नही ठरलेला : "म्हणजे झाडं लावायची का गं?"

झाडं लावणं चांगलंच, पण इकॉलॉजी म्हणजे तेवढंच नव्हे. प्राणी, वनस्पती, किडेमुंग्या, माती, पाणी आणि माणूस यांचं एकमेकांशी नातं काय, कोण कुणावर जगतं, एक घटक हलला की बाकीचे कसे हलतात, याचं मोजमाप करणारं हे शास्त्र आहे. यातला 'मोजमाप' हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

प्रयोगशाळा दारातच

आपल्यापैकी बरेच जण सातारा-सांगलीचे. या दोन जिल्ह्यांत काय नाही ते विचारा! साताऱ्याजवळचं कास पठार आणि कोयना अभयारण्य, शिवाय सांगलीकडचं चांदोली, ही तिन्ही ठिकाणं २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेली. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कासच्या डबक्यांत उगवणाऱ्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच 'सातारेन्सिस' आहे. सांगलीत कृष्णेच्या काठाला मगरी आहेत, जत-आटपाडीकडे कोरडे माळ आहेत. आणि सागरेश्वरच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून जंगल उभं राहिलं, त्याला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. साडेदहा-अकरा चौरस किलोमीटरचं, माणसांनी उभं केलेलं जंगल!

आता खरा प्रश्न. या सगळ्याची माहिती कुणाला असते? माळावर मेंढरं राखणाऱ्या धनगराला, नदीत जाळं टाकणाऱ्या भोयाला, कोयनेकाठच्या वाड्यांवरच्या बायकांना. संशोधक येतात, यांना वाटाड्या म्हणून बरोबर घेतात. फार तर आभाराच्या यादीत नाव येतं. प्रबंधावरचं नाव मात्र बहुतेक वेळा शहरातून आलेल्याचं असतं. माझ्या मते सगळा मुद्दा इथंच आहे. या वाड्यांमधली मुलं वाटाड्याची अभ्यासक कधी होणार?

माझी रूममेट जावळी खोऱ्यातली. गवा कुठल्या वाटेनं पाण्यावर येतो, कुठली कारवी कधी फुलणार, हे तिच्या आजोबांना तोंडपाठ. मी कॉन्व्हेंटची. आमच्या पुस्तकात डॅफोडिल होतं, वायतुरा नव्हता. आम्हा दोघींना इंग्रजीत निबंध लिहायला दिला तर मार्क मला जास्त पडतील. जंगलात सोडलं तर तीच मला घरी आणेल. आणि निवड बहुतेक ठिकाणी निबंधावर होते!

कुलपं कुठली?

पहिलं कुलूप पैशाचं. या क्षेत्रात सुरुवातीचा अनुभव बऱ्याचदा बिनपगारी कामातून मिळतो. माझ्या रूममेटनं एका संस्थेला विचारलं, तर जेवणखाण आणि प्रवास स्वतःचा, असं उत्तर आलं. ज्याच्या घरी महिन्याला पैसे पाठवायचे असतात त्यानं दोन महिने फुकट कसं राबायचं? दुसरं कुलूप इंग्रजीचं. तिसरं, खास मुलींसाठी, "पोरीच्या जातीनं रानात मुक्काम करायचा?" आणि चौथं, सर्वात मोठं कुलूप माहितीचं. दारं आहेत हेच ठाऊक नसतं.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतल्या इकॉलॉजिकल सोसायटीनंही मागे राहिलेल्या समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी 'सीड्स' नावाचा उपक्रम चालवला. त्यात क्षेत्रभेटी, मार्गदर्शक आणि फेलोशिप, तिन्ही गोष्टी.

पण आपण तर कर्मवीरांच्या साताऱ्याची माणसं! भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. 'कमवा आणि शिका' हे सूत्र तिथलंच. गरीब मुलाकडे बुद्धी कमी नसते, राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण कमी असतं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं. इकॉलॉजीलाही हाच हिशेब लागू आहे.

आता दारं बघू

एक, गेट. होय, आपलीच गेट परीक्षा! तिच्यात 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' असा स्वतंत्र पेपर आहे आणि तिसऱ्या वर्षापासून बसता येतं. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि मुलींना फी निम्मी. या पेपरच्या अभ्यासक्रमात गणित आणि संख्याशास्त्राचा वेगळा भाग आहे. तिथं आपण बायोलॉजीवाल्यांच्या पुढे! बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये १९८३ साली माधव गाडगीळ यांनी इकॉलॉजीचं केंद्र सुरू केलं. त्या संस्थेत इंजिनिअरला थेट पीएच.डी.ला अर्ज करता येतो.

दोन, एम.एस्सी. वन्यजीव शास्त्र. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळूरचं एन.सी.बी.एस. ही नावाजलेली ठिकाणं. पात्रतेच्या अटी आणि तारखा जाहिरातीत नीट वाचा.

तीन, पोटाचा प्रश्न. "अजून किती वर्षं शिकणार?" असं घरचे विचारतात, त्यांना हा आकडा सांगा. २०२३ पासून जे.आर.एफ. महिन्याला ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं. म्हणजे फेलोशिप मिळाली तर पीएच.डी. घरच्या पैशानं करावी लागत नाही. राज्यात बार्टी (अनुसूचित जाती), टी.आर.टी.आय. (आदिवासी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) आणि सारथी (मराठा, कुणबी) या संस्थांच्याही फेलोशिप आणि प्रशिक्षण योजना असतात.

चार, वनसेवा. यू.पी.एस.सी.च्या भारतीय वनसेवेला आणि एम.पी.एस.सी.च्या वनसेवेलाही इंजिनिअर चालतो. भारतीय वनसेवेला खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत आणि सहा वेळा बसता येतं. ओबीसींना तीन वर्षं जास्त आणि नऊ संधी. अनुसूचित जाती-जमातींना पाच वर्षं जास्त आणि संधींवर मर्यादा नाही.

आणि एक गोष्ट अधोरेखित करा, कारण इथं हमखास घोटाळा होतो. धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमाती 'क' मध्ये आहे, पण केंद्राच्या यादीत ओबीसीत. भटक्या-विमुक्तांतल्या इतर बऱ्याच जातींचंही असंच आहे. केंद्रीय संस्थेत अर्ज करताना राज्याचा दाखला चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षाचा नॉन-क्रिमिलेअर दाखला लागतो. सेतू केंद्रात तो आधीच करून ठेवा, शेवटच्या दिवशी धावपळ नको.

इंजिनिअरचं तिथं काय काम?

भरपूर! वाघ मोजायला कॅमेरा ट्रॅप लागतात, त्यातल्या हजारो फोटोंची छाननी प्रोग्राम करतो. पक्ष्यांचे आवाज ओळखायचे म्हणजे सिग्नल प्रोसेसिंग. जंगलाचा नकाशा म्हणजे रिमोट सेन्सिंग. नदीत पाणी किती सोडावं हे सिव्हिलवाल्यांनी सांगायचं, पण त्या पाण्यात कोण जगतं हे माहीत असेल तरच ना! सेन्सर बनवता येतो आणि गव्याची वाटही माहीत आहे, असा माणूस देशाला कुठून मिळणार? आपल्याच होस्टेलमधून.

सुरुवात साधी आहे. फेब्रुवारीत कॅम्पसमधल्या पक्ष्यांची गणना असते, त्यात उतरा. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह होस्टेलवर साजरा करा. गावी गेलात की ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही आहे का ते विचारा आणि आजोबांना माहीत असलेलं तिच्यात लिहा, त्यांच्या नावासकट. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, तिच्यात विद्यावेतन मिळतं, तिला अर्ज करा. इंग्रजीचा अर्ज तपासून द्यायला आम्ही कॉन्व्हेंटवाल्या कशाला आहोत? रात्री मेसनंतर या. बदल्यात एवढंच करा, पुढच्या सुट्टीत आम्हाला तुमच्या रानात न्या.

आणि सरांना, मॅडमना एक विनंती. नोटीस बोर्डावर कंपन्यांच्या जाहिरातींशेजारी या जाहिरातींनाही एक कोपरा द्या. एका कुलपाची किल्ली तरी तेवढ्यानं मिळेल!