हाताने ओवलेले आकाश

न्यू मेक्सिकोतील सॅक्रॅमेंटो पर्वतात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर, अपाची पॉइंट येथे एक वेधशाळा आहे. तेथील दुर्बिणीचा आरसा अवघा अडीच मीटर व्यासाचा. थोरल्या दुर्बिणींच्या पंगतीत तिला वरचे पान मिळावयाचे नाही. तथापि वीस लाखांहून अधिक दीर्घिका व क्वेसार (म्हणजे दूरच्या दीर्घिकांचे अतितेजस्वी गाभे) यांचा जो नकाशा २०२० साली प्रसिद्ध झाला, आणि ज्यात विश्वविस्ताराचा अकरा अब्ज वर्षांचा वृत्तांत नोंदला गेला, तो याच दुर्बिणीने काढला. आणि या कामी तिचे मुख्य हत्यार होते अ‍ॅल्युमिनियमचा एक वाटोळा पत्रा.

दूरच्या दीर्घिकेचे अंतर ठरवावयाचे तर तिचा वर्णपट हवा. कारण विश्व प्रसरण पावत असल्याने प्रकाशाच्या लहरी वाटेत ताणल्या जातात, वर्णपटातील रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात, आणि या ताम्रसृतीवरून अंतराचा अदमास बांधता येतो. परंतु एकेका दीर्घिकेकडे दुर्बीण वळवीत बसल्यास लाखांचा हिशेब पुरा व्हावा कधी? म्हणून स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या उपक्रमाने २००० सालापासून असा परिपाठ ठेवला की, आकाशाचा एक तुकडा घ्यावा, त्यातील निवडक ज्योतींच्या प्रतिमा दुर्बिणीत जेथे पडतील तेथे पत्र्याला छिद्रे पाडावीत, आणि प्रत्येक छिद्रात एक प्रकाशतंतू खोवावा. आरंभी एका पत्र्यास ६४० तंतू असत. पुढे ते १,००० झाले. छिद्रे पाडण्याचे काम सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात होई, आणि वातावरणामुळे होणाऱ्या वक्रीभवनाचा हिशेब छिद्रांच्या जागा ठरवितानाच घ्यावा लागे.

दिवस उजाडला म्हणजे वेधशाळेतील तंत्रज्ञ पत्र्यापाशी बसून हजार तंतू हाताने ओवीत. अमुक तंतू अमुकच छिद्रात जावा असे बंधन त्यांच्यावर नसे. ओवणे संपल्यावर तंतूंच्या दुसऱ्या टोकाकडून लेसरचा प्रकाश सोडून कोणता तंतू कोठे गेला याची नोंद यंत्र करी. हाताला मोकळीक आणि दप्तराला शिस्त अशी ही कामाची वाटणी होती.

आता प्रश्न मापाचा. आपल्याकडे जमिनीच्या मोजणीस तेहेतीस फुटांची, सोळा आण्यांची साखळी असे. या मोजणीची साखळी विश्वाच्या बाल्यावस्थेत घडली. तेव्हाच्या तप्त द्रव्यातून ध्वनिलहरी धावत होत्या. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवले, लहरी थबकल्या, आणि त्यांनी तोवर कापलेले अंतर द्रव्याच्या रचनेत खुणेसारखे राहून गेले. ते अंतर आज सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे भरते. तेवढ्या अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या किंचित अधिक आढळतात. ही खूण याच सर्वेक्षणाच्या नकाशात २००५ साली स्पष्ट दिसली. मात्र येथील विलक्षण गोष्ट ही की, शिवार फुगते तसतशी साखळीही ताणली जाते. कोणत्या काळी ती किती ताणलेली होती हे पाहिले की, विस्ताराचा वेग त्या त्या काळी काय होता ते उलगडते. यासाठी जवळच्या काळाकरिता दीर्घिका, तर त्याहून मागच्या काळाकरिता, दुरूनही तळपणारे क्वेसार कामी आले.

या नकाशाप्रमाणे आजच्या विस्ताराचा दर, दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला सुमारे ६८ किलोमीटर येतो. जवळच्या अतिनवताऱ्यांवरून मोजणारे तो ७३ च्या आसपास सांगतात. दोन मोजणीदारांच्या नकाशांत बांध जुळत नाही, तेव्हा चूक साखळीत, मोजणाऱ्यांत की खुद्द शिवारात, या वादाचा निकाल अद्याप लागलेला नाही.

हाताने तंतू ओवण्याचा तो परिपाठ २०२१ साली संपला व त्या कामी यंत्रमानव आले. अ‍ॅरिझोनातील किट पीकवर तर असे पाच हजार यंत्रमानव काही मिनिटांत तंतू जागेवर आणतात. निवृत्त झालेले पत्रे शाळांना वाटण्यात आले. त्यातील एखादा पत्रा उजेडासमोर धरला तर दिसतात ती नुसती छिद्रे. परंतु त्यातील एकेका छिद्रासमोर एकेकाळी कोणीतरी क्षणभर थांबले होते, आणि त्या थांबण्याची बेरीज म्हणजे तो नकाशा.