“याला कसं कळलं, मी आलोय ते?”

माझ्या वडिलांनी सायकल सोडली ती त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि तीही गुडघ्यांमुळे नव्हे. पुण्यातल्या घराजवळच्या चौकात सिग्नल सुटला. ते पायडलवर पाय ठेवून तोल सावरत होते, तोच मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. घाईत पाय निसटला आणि ते डाव्या अंगावर पडले. मनगटाचे हाड सहा आठवड्यांत जुळले. सायकल मात्र जिन्याखालीच उभी राहिली. पुढे हळूहळू त्यांनी तो चौक पायी ओलांडणेही कमी केले. चौकापलीकडचे वाचनालय सुटले आणि तिथले दोन स्नेहीही. घरात आम्ही या सगळ्याला ‘वय झाले’ असे नाव देऊन टाकले होते.

हे नाव चुकीचे असावे, अशी शंका मला प्रथम आली ती नेदरलँड्समध्ये. माझा भाऊ नोकरीनिमित्त उट्रेक्टला असतो. गेल्या उन्हाळ्यात मी आणि बाबा त्याच्याकडे महिनाभर होतो. माणसांपेक्षा सायकली अधिक असलेला तो देश. सत्तरी ओलांडलेल्या बायका पुढच्या टोपलीत भाजी घेऊन सहज शेजारून निघून जातात. चार दिवस बाबांनी हे नुसते खिडकीतून पाहिले. पाचव्या दिवशी भावाची जुनी, मधला दांडा नसलेली सायकल त्यांनी आपण होऊन बाहेर काढली. उलटे पायडल मारले की ब्रेक लागतो, ही तिथल्या सायकलींची रीत अंगवळणी पडायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. उजव्या बाजूने चालण्याची सवय लागायला त्याहून जास्त.

मग एका सकाळी आम्ही सायकलींच्या तांबड्या मार्गावरून एका चौकाशी आलो. समोर लाल दिवा होता. रस्त्यावर इतर कोणी नव्हते. आम्ही जवळ येऊन टेकतो न टेकतो तोच दिवा हिरवा झाला. बाबा निघालेच नाहीत. त्यांनी खाली पाहिले, वर खांबाकडे पाहिले आणि मला विचारले, “याला कसं कळलं गं, मी आलोय ते?”

उत्तर त्यांच्या पायाखालीच होते. डांबरात बारीक खाच पाडून नंतर ती काळ्या लेपाने बुजवल्याची लांबट चौकोनी रेघ तिथे नीट दिसते. त्या खाचेत तारेची वेटोळी पुरलेली असतात. तारेतून सतत मंद, उलटसुलट दिशा बदलणारा वीजप्रवाह वाहत असतो आणि तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. सायकलची धातूची रिम किंवा सांगाडा त्यावर आला की त्या धातूत प्रवाहाचे छोटे भोवरे उठतात. ते मूळ क्षेत्राला किंचित विरोध करतात, आणि रस्त्याकडेच्या पेटीतल्या यंत्राला तेवढा फरक पुरतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीवर भांडे तापते तेही अशाच भोवऱ्यांमुळे. वजनाचा इथे काहीच संबंध नाही. पुष्कळांना, सायकल चालवणाऱ्यांनाही, वाटते की आपण जड असलो तर सिग्नल ओळखील, तसे नसते. सडपातळ आजीबाई आणि धिप्पाड नातू त्या तारेला सारखेच.

मात्र तार पुरली म्हणजे काम झाले, असेही नाही. जगात अनेक ठिकाणी ही वेटोळी मोटारींचा विचार करून बसवलेली असतात. सायकलीतले मूठभर धातू त्यांना जाणवत नाही, आणि सायकलस्वार लाल दिव्यापुढे मोटार येण्याची वाट पाहत ताटकळतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2007 मध्ये यासाठी कायदाच केला: वाहन ओळखून चालणारा नवा सिग्नल बसवताना किंवा जुन्याची वेटोळी बदलताना त्याने सायकल आणि मोटारसायकलही ओळखली पाहिजे. तिथल्या वाहतूक विभागाने पुढे सायकलस्वाराला वेळ किती द्यायचा, याचे गणितही ठरवले. चौक ओलांडण्यासाठी ताशी सुमारे 16 किलोमीटर वेग धरायचा आणि त्याआधी निव्वळ निघण्यासाठी, तोल साधून वेग घेण्यासाठी, 6 सेकंद वेगळे द्यायचे. वीस मीटर रुंदीचा चौक असेल तर एकूण अकरा सेकंदांच्या आसपास.

ते सहा सेकंद मला फार मोलाचे वाटतात. चालत्या सायकलीवर म्हाताऱ्या माणसाला फारसा त्रास नसतो. गतीच त्याचा तोल सांभाळते. अडचण येते ती चढताना, उतरताना आणि निघताना. नेदरलँड्समधल्या वयस्क सायकलस्वारांच्या अपघातांत, कोणाचीही धडक न बसता केवळ चढता-उतरता पडणाऱ्यांची संख्या लक्षणीय असते. म्हणून तिथल्या योजनांचा रोख, सायकलस्वाराला शक्यतो थांबावेच लागू नये, याकडे आहे. चौकाच्या बऱ्याच आधी एक वेटोळे असते. त्यावरून तुम्ही गेलात की सिग्नलला वर्दी मिळते आणि जमल्यास तुम्ही पोहोचेपर्यंत दिवा हिरवा होतो. थांबावे लागलेच तर अनेक ठिकाणी पांढऱ्या ठिपक्यांचे वर्तुळ एकेक ठिपका विझवत वाट पाहण्याचा वेळ दाखवते. ग्रोनिंगन शहरात काही चौकांत चारही बाजूंच्या सायकलींना एकाच वेळी हिरवा दिवा मिळतो. पाऊस ओळखून सायकलींना लवकर वाट देणारे सिग्नलही तिथे आहेत. रॉटरडॅममध्ये उष्णता टिपणाऱ्या यंत्राने थांबलेल्या सायकलस्वारांचा जमाव ओळखण्याची सोय झाली. उट्रेक्टमध्ये 2017 साली लावलेला एक खांब तर बाबांना ऐकूनच आवडला. सिग्नलच्या सुमारे 120 मीटर आधी तो तुमचा वेग मोजायचा आणि चित्र दाखवायचा. ससा दिसला तर थोडे जोरात, कासव दिसले तर सावकाश, वर केलेला अंगठा दिसला तर आहे तसेच. आणि गाय दिसली तर काहीही करा, थांबावे लागणारच! “गाईपुढे काय घाई करायची,” बाबा म्हणाले.

परंतु हे सगळे आपल्या वाचकांना सांगावेसे वाटले ते टिलबर्ग या शहरामुळे. तिथे सायकलस्वाराच्या मोबाइलवरून त्याची चाहूल घेऊन सिग्नल लवकर हिरवा करणारी योजना आली, आणि तिच्याच जोडीने दुसरी आली ती पायी चालणाऱ्या वृद्धांसाठी. मोबाइलमधले अॅप सिग्नलला कळवते की कडेला उभी असलेली व्यक्ती सावकाश चालणारी आहे. सिग्नल तिच्यापुरता ओलांडण्याचा वेळ वाढवतो. सिंगापूरने हेच 2009 पासून अधिक साध्या रीतीने केले. ज्येष्ठांनी आपले सवलतीचे कार्ड खांबावरच्या यंत्राला टेकवायचे, की रस्त्याच्या रुंदीप्रमाणे 3 ते 13 सेकंद जास्त मिळतात. ब्रिटनमध्ये काही ठिकाणी तर काही टेकवावेही लागत नाही. रस्त्यावर माणूस आहे तोवर खांबावरचे यंत्र वाहनांचा लाल दिवा लांबवते.

या जादा सेकंदांची गरज किती जणांना असते? इंग्लंडमधील 65 वर्षांवरील लोकांचा चालण्याचा वेग तपासणारा एक अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले सिग्नल सेकंदाला 1.2 मीटर वेग गृहीत धरत होते. प्रत्यक्षात 76 टक्के पुरुष आणि 85 टक्के स्त्रिया त्याहून सावकाश चालत होत्या. सरासरी वेग पुरुषांचा 0.9 मीटर, स्त्रियांचा 0.8. याचा अर्थ आपल्या डोळ्यांसमोर आणून पाहा. चोवीस मीटरचा रस्ता असेल तर 1.2 च्या हिशेबाने वीस सेकंद मिळतील, आणि वीस सेकंद संपतील तेव्हा 0.8 मीटरने चालणारी आजी अजून आठ मीटर रस्त्यातच असेल. तिला दोष द्यावा असे त्यात काय आहे?

आणि ज्याला हे एकदा अनुभवास येते तो पुढच्या वेळी धावायला पाहतो. घाईत नजर पायाखालून सुटते, फुटपाथची कड चुकते. किंवा तो बाहेर जाणेच सोडतो. चालणे घटले की मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, वेग आणखी उतरतो आणि तोच रस्ता आणखी रुंद होऊन बसतो. बाबांचे नेमके हेच झाले होते.

परत आल्यावर आम्ही एक साधी गोष्ट केली. ती कोणत्याही घरात करता येईल. इमारतीच्या सपाट आवारात खडूने दहा मीटर अंतर आखले. दोन्ही टोकांना दोन-दोन मीटर मोकळे सोडले, म्हणजे निघणे आणि थांबणे मोजणीत येत नाही. नेहमीच्या चपला, नेहमीची काठी, नेहमीची चाल. सोबत करणाऱ्याने अर्धे पाऊल मागे राहावे; बरोबरीने चालले तर म्हातारे माणूस नकळत आपल्याशी पाऊल जुळवते. साडेबारा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर वेग 0.8 मीटरपेक्षा कमी. स्नायूंची झीज तपासताना डॉक्टरही हीच मर्यादा पाहतात. तेव्हा एवढा आकडा घेऊन त्यांना जरूर भेटावे. थोड्या महिन्यांत वेग एकदम उतरला असेल तर नक्कीच. पायांची ताकद, दृष्टी, उठताना येणारी चक्कर आणि चालू असलेली औषधे हे सगळे त्या भेटीत पाहून घेता येते.

बाबांना तेरा सेकंद लागले. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे रस्ता रिकामा असताना त्यांनी जिन्याखालची सायकल काढली आणि हाताने ढकलत चौक ओलांडला, चाकाचे फेरे मोजत. फेऱ्याला सव्वादोन मीटरला थोडे कमी, असे सव्वाआठ फेरे. म्हणजे अठरा मीटर. पायी जाणाऱ्यांच्या हिरव्या दिव्याचा वेळ त्यांनी घड्याळ लावून तीनदा मोजला: पंधरा सेकंद. त्यांच्या चालीला लागणार होते तेवीसपेक्षा थोडे जास्त. “म्हणजे मी मंद नाही, याचा हिशेब मंद आहे,” असे त्यांनी चहा घेताना जाहीर केले.

तूर्त त्यांनी वाट बदलली आहे. चौकापासून शंभरेक पावलांवर दुभाजकाला उभे राहण्याजोगी रुंद जागा आहे. तिथे ते रस्ता दोन टप्प्यांत ओलांडतात. आधीच सुरू असलेल्या हिरव्या दिव्यावर निघायचे नाही, नवा लागण्याची वाट पाहायची, हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला आहे. वाचनालय पुन्हा सुरू झाले आहे, आणि सकाळी घरातच खुर्चीवरून हात न टेकवता दहा वेळा उठणे-बसणेही.

शहरातल्या अनेक चौकांत आता वाहनांच्या गर्दीप्रमाणे वेळ बदलणारे सिग्नल आले आहेत. मोटार किती, हे त्यांना कळते. बाबांनी संबंधित कार्यालयाला सुवाच्य अक्षरात पत्र लिहिले: रस्त्याची रुंदी, मिळणारे सेकंद, लागणारे सेकंद आणि चाकाच्या फेऱ्यांचा तपशील. खाली वयही घातले. उत्तर अजून आलेले नाही. काल त्यांनी पत्राची दुसरी प्रत काढली आणि वाचनालयातल्या दोघांची दहा मीटरची वेळ तिच्यात जोडली.