तबकडीवरील वंगण : द्रावक व आर्द्रता यांचे परिणाम

वंगण म्हटले की बैलगाडीच्या आसाला लावावयाचे काळे, दाट द्रव्य आपल्या डोळ्यांपुढे येते. हार्ड डिस्कच्या तबकडीवरील वंगण मात्र डोळ्यांना दिसतच नाही. त्याची जाडी सामान्यतः १ ते २ नॅनोमीटर असते. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे १ नॅनोमीटर. भाषेच्या अभ्यासकाने या अदृश्य लेपाची चिंता का वाहावी, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, बोलींची ध्वनिमुद्रणे आज बहुधा अशाच तबकड्यांवर साठविली जातात. आणि दिवंगत झालेल्या निवेदकाचे ध्वनिमुद्रण पुन्हा करता येत नाही.

तबकडीवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा चुंबकीय थर, त्यावर कार्बनचे कठीण कवच आणि सर्वांत वर वंगण, अशी रचना असते. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर वाचन-लेखनाचे शीर्ष तरंगत असते. दोहोंचा क्वचित स्पर्श झालाच, तर कवचाचे रक्षण करणे हे वंगणाचे कार्य होय.

हे वंगण कार्बन, फ्लोरिन व ऑक्सिजन यांच्या लांब रेणुशृंखलांचे बनलेले असते. शृंखलेच्या टोकांशी हायड्रॉक्सिल गट असून ते कार्बनच्या पृष्ठभागाला धरून राहतात. मात्र सर्वच रेणू सारखे जखडलेले नसतात. काही बद्ध असतात, तर काही मुक्त. बद्ध अंशामुळे लेप टिकतो. मुक्त अंश घासून उघड्या पडलेल्या जागी सरकतो व ती पुन्हा झाकतो. या दोहोंचा तोल हाच लेपाच्या आयुष्याचा पाया आहे.

द्रावकाचा संबंध प्रथम निर्मितीतच येतो. फ्लोरिनयुक्त द्रावकात वंगण विरघळवून त्यात तबकडी बुडवितात व सावकाश वर काढतात. द्रावणाची तीव्रता आणि वर काढण्याचा वेग यांवर लेपाची जाडी अवलंबून असते. पुढे त्याच जातीच्या द्रावकाने तबकडी धुतली असता मुक्त अंश निघून जातो व बद्ध अंश उरतो. म्हणून हे धुणे मापनाचेही साधन ठरते. अल्कोहोल किंवा ॲसिटोन यांत हे वंगण सहसा विरघळत नाही. तथापि त्यावरून अशा द्रवाने तबकडी पुसणे निर्धोक आहे, असे मात्र समजू नये. द्रव उडून गेल्यावर मागे राहणारा मळ शीर्षाच्या वाटेत डोंगरासारखा उभा राहतो.

आर्द्रतेचे कार्य अधिक गुप्तपणे चालते. पाण्याचे रेणूही ध्रुवीय असल्यामुळे कार्बनवरील ज्या जागांना वंगणाची टोके बिलगतात, त्याच जागांसाठी ते स्पर्धा करतात. परिणामी वंगणाची पकड सैल होते, त्याची चलता वाढते आणि ते शीर्षाकडे ओढले जाण्याचा संभव वाढतो. शिवाय कवचातील सूक्ष्म छिद्रांतून ओलावा आत शिरल्यास कोबाल्ट गंजू लागतो. सामान्य हार्ड डिस्कला हवेचा दाब समतोल राखण्यासाठी गाळणीयुक्त छिद्र असते. ती गाळणी धूळ अडविते, परंतु बाष्प पूर्णपणे अडवीत नाही. २०१३ पासून बाजारात आलेल्या हेलियमयुक्त डिस्का मात्र पूर्णतः बंदिस्त असतात.

यातून निघणारे नियम साधे आहेत. थंड खोलीतून दमट हवेत आणलेली डिस्क लगेच चालू करू नये. तिला काही तास खोलीच्या तपमानाला येऊ द्यावे. ती उघडून पुसण्याचा मोह टाळावा. आणि एकाच तबकडीवर, ती कितीही नवी असो, एखाद्या बोलीचा एकमेव पुरावा कधीही ठेवू नये.