प्रकाशयोजना, व्यक्तिछायाचित्रणातील (एलईडी)

स्टुडिओत व्यक्तीचे छायाचित्र घेताना तिच्यावर सतत प्रकाश टाकणारे, अर्धसंवाहक द्विप्रस्थांचे बनविलेले आणि एकमेकांस जोडून लहानमोठे करता येणारे दिवे व त्यांची मांडणी. हे दिवे एलईडी या नावाने ओळखले जातात. क्षणदीपाचा (फ्लॅशचा) प्रकाश निमिषमात्र टिकतो, तर या दिव्यांचा प्रकाश अखंड असतो. त्यामुळे चेहऱ्यावरील छाया कोठे व किती गडद पडली आहे, हे छायाचित्र घेण्यापूर्वीच डोळ्यांना दिसते.

इतिहास : एकोणिसाव्या शतकातील स्टुडिओ बहुधा सूर्यप्रकाशावर चालत. उत्तरेकडे काचेचे तिरपे छत ठेवून व पडदे सरकवून प्रकाशाचे नियमन केले जाई. मुंबईत १८५४ मध्ये ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बाँबे’ स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांपैकी होते. निजामाच्या राज्यात नावारूपास आलेले राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ काढला. १८७७ मध्ये व्हॅन डर वायडे यांनी लंडनमध्ये विजेच्या प्रज्योत दिव्यांवर चालणारा स्टुडिओ उघडला होता. पुढे टंगस्टन तारेचे तापदीप्त दिवे प्रचारात आले. मुंबईतील ‘हॅमिल्टन स्टुडिओ’ (स्थापना १९२८) आणि जे. एच्. ठक्कर यांचा दादर येथील ‘इंडिया फोटो स्टुडिओ’ (१९४८) हे व्यक्तिचित्रणासाठी ख्यातनाम झाले. ठक्कर यांनी घेतलेली चित्रपट कलावंतांची चित्रे छायाप्रकाशाच्या ठळक विरोधासाठी ओळखली जातात. तापदीप्त दिव्यांची उष्णता मात्र असह्य होई. चेहऱ्यावर घाम येऊन डोळे आकसत. इलेक्ट्रॉनिक क्षणदीपाने ही अडचण दूर केली. परंतु पडणारी छाया आधी पाहण्याची सोयही बव्हंशी गेली.

डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा द्विप्रस्थ निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी निळ्या द्विप्रस्थाची उणीव होती. तेजस्वी निळा द्विप्रस्थ १९९३ मध्ये शूजी नाकामुरा यांनी सिद्ध केला. या क्षेत्रातील कार्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रचना व कार्य : निळा प्रकाश (तरंगलांबी सु. ४५० नॅनोमीटर) पिवळ्या अनुस्फुरक द्रव्यावर पडला की त्याचा काही भाग पिवळ्या प्रकाशात रूपांतरित होतो. दोहोंच्या मिश्रणातून पांढरा भासणारा प्रकाश मिळतो. असे अनेक द्विप्रस्थ एका पट्टावर बसवितात. सु. ३० सेंमी. बाजू असलेले चार चौरस पट्ट जोडले, तर ६० सेंमी. बाजूचा एक प्रकाशस्रोत होतो. त्याचे क्षेत्रफळ चौपट असते व प्रत्येक पट्ट पूर्ण शक्तीने लावल्यास एकूण प्रकाशही चौपट मिळतो. स्रोत व्यक्तीच्या मानाने जितका मोठा व जवळ, तितकी छायेची कडा मृदू पडते. तोच स्रोत दूर नेल्यास छाया कठोर होते व प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जातो. द्विवर्णी पट्टांत पिवळसर व निळसर पांढऱ्या द्विप्रस्थांचे प्रमाण बदलून वर्ण तापमान सु. २,७०० ते ६,५०० केल्व्हिन या मर्यादेत ठरविता येते. खिडकीतील उजेडाशी दिव्याचा मेळ घालण्यास याचा उपयोग होतो.

प्रकाशाचे प्रमाण : १०० वॉटचा दिवा १/१२५ सेकंदाच्या उद्भासनात केवळ ०·८ जूल विद्युत् ऊर्जा वापरतो. स्टुडिओतील मध्यम क्षणदीप एका झळाळीत २०० जूल वापरतो. एलईडीची कार्यक्षमता क्षणदीपाच्या दोनतीन पट धरली, तरी प्रकाशात सु. शंभरपट तफावत राहते. संवेदनक्षमता १०० वरून ८०० वर नेल्यास आठपट व भिंगाचे छिद्र एफ/८ ऐवजी एफ/२·८ ठेवल्यास आणखी आठपट, म्हणजे एकूण चौसष्टपट प्रकाशाची भरपाई होते. उरलेली तफावत उद्भासन १/६० सेकंद ठेवून भरून निघते. मोठ्या छिद्रामुळे स्पष्टतेची खोली मात्र कमी होते : डोळे रेखीव येतात, कान धूसर होतात. एका व्यक्तीच्या चित्रास हे चालते. दहा जणांच्या कुटुंबचित्रास क्षणदीपच सोयीचा ठरतो.

वर्णनिष्ठा : प्रकाश पांढरा दिसला, तरी त्याच्या वर्णपटात सर्व रंग सारख्या प्रमाणात असतीलच असे नाही. साध्या एलईडीत ४८० नॅनोमीटरच्या आसपास दरी असते व गडद तांबडा भाग क्षीण असतो. वर्णनिष्ठेचा प्रचलित निर्देशांक आठ फिक्या रंगनमुन्यांवर काढला जातो. गडद तांबड्याचा नववा नमुना त्या सरासरीत धरला जात नाही. त्यामुळे ८० निर्देशांकाच्या स्वस्त दिव्यात हा नववा अंक शून्याजवळही असू शकतो. त्वचेखालील रक्ताची लाली व सावळ्या कांतीतील तांबूस छटा याच भागावर अवलंबून असते. अशा दिव्याखाली सावळा चेहरा निस्तेज, राखाडी दिसतो आणि तो गोरा करण्याचा मोह संगणकावर आवरत नाही. हा दोष मुळात दिव्याचा असतो, माणसाच्या वर्णाचा नव्हे. घराच्या भिंतीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या चित्राच्या बाबतीत हा भेद क्षुल्लक नाही. पैठणीच्या काठाची जर व गडद रंग यांनाही हाच निकष लागू पडतो. ९५ च्या वर निर्देशांक व ९० च्या वर नववा अंक असलेला दिवा व्यक्तिचित्रणास योग्य समजावा. मापनयंत्र नसल्यास पांढरे कापड, हळद, कुंकू व स्वतःचा तळहात यांचे एक चित्र सावलीतील सूर्यप्रकाशात आणि एक दिव्याखाली, पांढऱ्याचा समतोल साधून, घ्यावे. कुंकू विटकरी झाल्यास दिवा सदोष आहे.

मांडणी : मुख्य दिवा चेहऱ्याच्या एका बाजूस सु. ४५ अंशांवर व डोळ्यांपेक्षा किंचित उंच ठेवतात. दुसऱ्या बाजूस दुय्यम दिवा किंवा पांढरा परावर्तक असतो. केसांची कडा उठावदार करण्यास तिसरा व पार्श्वभूमीसाठी चौथा दिवा लावतात. उघड्या पट्टाचे ठिपके बुबुळात प्रतिबिंबित होतात व प्रकाश डोळ्यांस खुपतो. म्हणून पट्टापुढे विसरक कापड हवेच. अखंड प्रकाशात बाहुली लहान राहते व बुबुळाचा रंग अधिक दिसतो. क्षणदीपाने दचकणाऱ्या बालकांस आणि वृद्धांस हा प्रकाश मानवतो.

मर्यादा व उपयोग : विद्युत् पुरवठ्याची कंप्रता भारतात ५० हर्ट्‌झ असल्याने निकृष्ट मंडलाच्या दिव्यात सेकंदास १०० वेळा लुकलुक होते व जलद उद्भासनात चित्रावर पट्टे उमटतात. द्विप्रस्थ तापला की प्रकाश घटतो व त्याची छटा बदलते. मराठवाड्याच्या ४० अंश सें. वरील उन्हाळ्यात ॲल्युमिनियमची उष्णताशोषक बैठक व पंखा यांचे महत्त्व त्यामुळे वाढते. तरीही विजेची बचत, विद्युत् घटावर चालण्याची क्षमता आणि एकाच दिव्याने स्थिरचित्र व चलत्‌चित्र दोन्ही घेण्याची सोय यांमुळे लहान व्यावसायिकास हे दिवे उपयुक्त ठरतात. छत्रपती संभाजीनगर–जालना मार्गावरील शेंद्रा यासारख्या औद्योगिक वसाहतींच्या परिसरातील छायाचित्रकारास ओळखपत्राची चित्रे, विवाहचित्रे व मालाची चित्रे अशी विविध कामे करावी लागतात. त्याने आरंभी एकच उत्तम पट्ट घेऊन कामाच्या वाढीबरोबर त्यास दुसरे जोडावेत. सुमार वर्णनिष्ठेचे चार दिवे एका निर्दोष दिव्याची उणीव भरून काढू शकत नाहीत. [⟶ छायाचित्रण, प्रकाश].