वेश, खूण आणि माणूस

नाटकाचा पडदा वर जातो आणि पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच प्रेक्षकांस कळते, की हा राजा, हा सेवक, हा सोंगाड्या. हे ज्ञान आपणांस कोण देते? अर्थातच पात्राचा वेश. शब्दांच्या आधी बोलणारी ही एक भाषा आहे. तिचे व्याकरण थोडे तपासून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आज किन्हीराजासारख्या गावातही आपले विद्यार्थीमित्र मोबाईलवर जपानी चित्रमालिका मोठ्या आवडीने पाहतात. ‘अॅनिमे’ या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांतील चेहरे बरेचसे एकाच साच्याचे असतात: मोठे डोळे, इवलेसे नाक. पात्र वेगळे ओळखू येते ते केसांवरून आणि कपड्यांवरून. शिवाय एकच पात्र अनेक चित्रकारांच्या हातून हजारो वेळा काढले जाते. म्हणून त्याचा पोशाख ठळक, सोपा आणि बहुधा कायमचा ठरवून ठेवतात. मग त्या ठरलेल्या वस्त्रात हळूहळू अर्थ साठत जातो. ‘वन पीस’ या मालिकेतील लुफीच्या डोक्यावरची गवती टोपी शांक्स नावाच्या दर्यावर्दीने त्याला लहानपणी दिलेली आहे. मोठा होऊन ती परत करायची आहे. तेव्हा ती टोपी म्हणजे डोक्यावर घेतलेले एक वचनच होय. ‘नारुतो’मधील नायक निन्जा, म्हणजे अंधारात लपून काम करणारा. तरीही त्याचे कपडे भडक नारिंगी! साऱ्या गावाने दूर लोटलेला हा पोरका मुलगा जणू कपड्यांतूनच ओरडतो आहे, की माझ्याकडे पाहा.

ही युक्ती आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. भल्या पहाटे दारी येणारा वासुदेव आठवा. डोक्यावर मोरपिसांची उंच निमुळती टोपी, अंगात घोळदार अंगरखा, कमरेला शेला, हातात टाळ-चिपळ्या. मोरपीस ही श्रीकृष्णाची खूण आणि वासुदेव हे त्याचेच नाव. ती टोपी डोक्यावर चढली, की दारात उभा राहिलेला माणूस याचक राहत नाही. त्याला घातलेले दान देवाच्या नावे पावते, अशी घरधनिणीची श्रद्धा असते. एका टोपीने देणारा आणि घेणारा यांचे नातेच बदलून टाकले.

परंतु वेशाला दुसरीही बाजू आहे. मरीआईचा पोतराज पाहा. कमरेभोवती रंगीबेरंगी खणांच्या चिंध्यांचा घोळ, वाढलेले केस, कपाळावर हळदकुंकवाचा मळवट, पायांत घुंगरू, हातात कोरडा. पुरुषाच्या देहावरचे हे खण आणि कुंकू देवीचे. म्हणजे त्याच्या अंगी देवी वावरते, असे पाहणाऱ्याने समजावे. केस कापायचे नाहीत, कारण ते देवीचे. प्रतीक म्हणून हा वेश विलक्षण परिणामकारक आहे, यात शंका नाही. पण तो अंगावर येतो कसा? नवसापोटी घरचा मुलगा देवीला सोडला जाई. तोही बहुधा मांग-महारांच्या वस्तीतला. त्याला कोणी विचारीत नसे. पाहणाऱ्याला जे प्रतीक, ते वाहणाऱ्याला जोखड. स्वतःच्या अंगावर कोरडे ओढून चार पैसे मागावयाचे आणि शाळेची वाट कायमची बंद! म्हणूनच परिवर्तनाच्या चळवळीत पोतराजाचे केस कापणे हा एका नव्या आयुष्याचा संस्कार ठरला.

वस्त्राची ही सक्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी ओळखली होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरच्या जाड दागिन्यांचा प्रश्न काढला. त्या पद्धतीवरून, त्या दागिन्यांवरून जात ओळखता येते. तेव्हा ती खूणच टाकून द्या, असा त्यांचा सांगावा होता. स्वतः बाबासाहेब कोट-पँट आणि टाय वापरीत. गावोगावच्या पुतळ्यांत तोच पोशाख आणि हातातील संविधान आपण पाहतो. ज्यांना चांगले कपडे घालण्याचीही बंदी होती, त्यांच्या दृष्टीने तो नीटनेटका कोट म्हणजे परत मिळविलेला मान आहे.

आता आपल्या वऱ्हाडातील एक माणूस पाहू. शेंडगाव येथे १८७६ साली परिटाच्या घरी जन्मलेले डेबूजी, म्हणजेच संत गाडगेबाबा. आपले अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्याच नावाचे आहे. लोकांची वस्त्रे स्वच्छ धुणाऱ्या कुळातील या माणसाने स्वतः मात्र चिंध्या जोडलेले वस्त्र पांघरले. डोक्यावर मडक्याचे खापर, त्यातच जेवायचे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, हातात खराटा. १९७७ सालच्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू याच वेशात दिसतात आणि प्रेक्षक क्षणात ओळखतात. बाबांच्या या वेशात नुसते वैराग्य नाही, त्यात एक परीक्षाही आहे. चिंध्या पाहून जो हाकलून देई, त्याची भक्ती किती खरी ते तिथेच उघड होई.

चिंध्या पोतराजाच्याही आणि गाडगेबाबांच्याही. मग फरक कोठे? एकावर त्या लादल्या गेल्या, दुसऱ्याने त्या जाणूनबुजून स्वीकारल्या. उलट बाबांच्या चिंध्या आणि बाबासाहेबांचा कोट ही दोन टोके दिसतात खरी, पण दोन्ही वेश स्वतः निवडलेले आणि माणसाची किंमत कपड्यावरून ठरविणाऱ्या समाजाला दोन्हींनी आव्हान दिलेले. या दोघांचा परस्परांवर लोभ होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. म्हणजे वस्त्राचा अर्थ केवळ रंगात वा कापडात शोधून भागत नाही. ते कोणी दिले, कोणी घातले आणि ते उतरविण्याची मोकळीक त्याला होती काय, हेही विचारावे लागते.

हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. स्नेहसंमेलनातील वेशभूषा स्पर्धेत कोणी पोतराज होतो, कोणी गाडगेबाबा, कोणी अॅनिमेचा नायक. कोणी तांड्यावरील आजीचे आरसेकाम केलेले फेटिया-कांचळी घालून रंगमंचावर येते. टाळ्या सर्वांनाच मिळतात. परंतु लुफी कागदावरचा आहे, त्याची टोपी घातल्याने कोणाचे काही दुखत नाही. आजीचे फेटिया-कांचळी मात्र सोंग नव्हे, तो तिचा रोजचा पोशाख आहे. आणि पोतराजाच्या घोळात एखाद्याचे हरवलेले बालपण शिवलेले असते. तेव्हा रंगमंचावर जाण्यापूर्वी, ज्याचा वेश आपण अंगावर घेतो त्याची थोडी विचारपूस करावी. एवढे केले तरी त्या वेशाला आणि आपल्या शिक्षणालाही अर्थ येईल.