तिवर : खाडीकाठच्या जीवसृष्टीची मेढ

उरण तालुक्यातील न्हावा व शेवा ही नावे आज बंदरामुळे सर्वतोमुखी झाली आहेत. १९८९ साली येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले व जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून या किनाऱ्याकडे येणारा सागरी सेतूही खुला झाला. परंतु बंदराच्या फार पूर्वीपासून येथील खाड्यांच्या काठी तिवरांची दाट झाडी उभी आहे. हिला खारफुटी असेही म्हणतात. खाजणातील ही झाडी म्हणजे चिखल व निरुपयोगी झुडपे, असा समज पुष्कळांचा असतो. तो दूर करावयाचा तर या झाडीच्या आश्रयाने कोण कोण जगते हे मुलांनी प्रथम पाहिले पाहिजे.

भरतीचे खारे पाणी सुमारे साडेबारा तासांनी पुनःपुन्हा येते. अशा ठिकाणी सामान्य वृक्ष तग धरू शकत नाही. तिवराने मात्र या अडचणींवर उपाय शोधलेला आहे. चिखलात हवा जवळजवळ नसते. म्हणून त्याच्या आडव्या मुळांपासून पेन्सिलीसारखी असंख्य श्वसनमुळे चिखलाबाहेर डोके काढतात व अंगावरील सूक्ष्म छिद्रांतून हवा घेतात. शोषलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकले जाते. कोरड्या दिवशी पानांवर त्याचे बारीक कण दिसतात.

तिवर असा स्वतः जगतो, त्याचबरोबर इतरांनाही जगवितो. श्वसनमुळांच्या दाटीत पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो व काठ धरून राहतो. पानांच्या सावलीमुळे ओहोटीच्या वेळी चिखल तापून कोरडा पडत नाही. खोडांना व मुळांना कालवे चिकटतात. चिखलात खेकडे बिळे करतात. त्या बिळांवाटे हवा व पाणी आत जाऊन मुळांचेही भले होते. निवट्या चिखलावर सरपटत भक्ष्य शोधतात. बगळे व खंड्या त्यांवर टपून बसतात.

गळलेले पानही वाया जात नाही. खेकडे ते कुरतडतात, सूक्ष्म जीव ते कुजवितात व तो पौष्टिक चोथा कोळंबीचे व लहान माशांचे अन्न होतो. मोठे मासे शिरू शकत नाहीत अशा मुळांच्या जाळीत कोळंबी, बोय, जिताडा इत्यादींची पिले वाढतात. कोळ्याच्या टोपलीत पडणाऱ्या मासळीचा काही भाग असा या चिखलातच पोसलेला असतो.

ज्या एका जातीमुळे इतर अनेक जातींना राहण्याजोगी जागा निर्माण होते, तिला शास्त्रज्ञ आधारभूत जाती म्हणतात. ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ पॉल डेटन यांनी १९७२ मध्ये मांडली. मालवणच्या समुद्रात प्रवाळ हेच कार्य करतात. घरातील मेढ काढली, तर केवळ एक लाकूड कमी होत नाही, आढे व छप्परही खाली येते. तद्वतच तिवर नाहीसा झाल्यास झाडांच्या यादीतील एक नाव गळून भागत नाही. त्याच्या सावलीत, मुळांत व पाचोळ्यावर जगणारे सारेच निराधार होतात.

तिवर केवळ कुऱ्हाडीनेच मरतो असे नाही. बांध वा भराव घालून भरतीचे पाणी अडविले, तर झाडी उभ्या जागी वाळते. उलट पाणी कायमचे तुंबले, तर श्वसनमुळे बुडून गुदमरतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन सांडलेले तेल रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील तिवरांपर्यंत पोहोचले होते. असे तेल श्वसनमुळांवर बसले म्हणजे त्यांची छिद्रे बुजतात. म्हणून नवी रोपे लावणे चांगले असले, तरी उभ्या झाडीकडे जाणारी भरतीची वाट मोकळी ठेवणे त्याहून अगत्याचे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या निर्णयाने राज्यातील खारफुटीच्या तोडीस सर्वत्र बंदी घातली आहे, हेही मुलांना सांगावे.

या पाठासाठी ओहोटीची वेळ निवडावी. खाडीची माहिती असलेल्या गावकऱ्यास बरोबर घ्यावे व मुलांना चिखलात न उतरविता बांधावरूनच निरीक्षण करू द्यावे. काही खारफुटी झाडांचा चीक डोळ्यांस अपायकारक असतो; सबब पाने तोडू देऊ नयेत. प्रत्येक मुलाने दिसलेल्या जीवांची नोंद करावी व त्यांपैकी प्रत्येकास तिवरापासून काय मिळते, हे त्यापुढे लिहावे. कोळीवाड्यातील मुलांना यांतील पुष्कळ नावे शिक्षकांपेक्षा अधिक ठाऊक असतात. त्यांस आवर्जून बोलते करावे. नोंद पुरी झाल्यावर वहीतील ‘तिवर’ हा शब्द झाकावयास सांगावे आणि उरलेल्यांपैकी कोण कोठे जाईल, एवढाच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मुले स्वतःच शोधतील.